येवल्याचा निर्धार आणि जगाचे तहनामे

पैठणीच्या मागांमुळे आणि सत्तावनच्या समरातील सेनानी तात्या टोपे यांचे जन्मगाव म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेले येवला हे नाशिक जिल्ह्यातील तालुक्याचे गाव इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याच्या अगदी कडेला वसलेले होते. तेथून पूर्वेस वैजापूरच्या वाटेने निघालेला माणूस थोड्याच प्रवासानंतर निजामाच्या मुलखात पाऊल ठेवीत असे. या गावी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी मुंबई इलाखा दलित वर्ग परिषद भरली, तेव्हा इलाख्याच्या जिल्ह्यांतून, मध्य प्रांतातून आणि निजामाच्या राज्यातूनही मंडळी आली होती. उपस्थिती सुमारे दहा हजारांची होती, आणि स्वागताध्यक्ष होते नाशिकच्या चळवळीतील कार्यकर्ते अमृतराव रणखांबे. अध्यक्षपदावरून बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मागच्या वर्षांतील लढ्याचा आणि त्याच्या निष्फळतेचा हिशेब मांडला, आणि अखेरीस सांगितले, की अस्पृश्य हिंदू म्हणून जन्माला येणे आपल्या हातचे नव्हते, परंतु हिंदू म्हणून मरणे न मरणे मात्र आपल्या हातचे आहे, आणि हिंदू म्हणून आपण मरणार नाही.

ही घोषणा आपल्याकडे बहुधा एका महापुरुषाच्या चरित्रातील किंवा एका समाजाच्या उत्थानातील प्रकरण म्हणून सांगितली जाते, आणि तशी ती आहेच. परंतु धर्म आणि राज्यसत्ता यांचे परस्परसंबंध काय असावेत, प्रजाजनाच्या श्रद्धेवर अधिकार कोणाचा, राष्ट्रांच्या व्यवहारात लोकांच्या धर्माचे मोल कसे ठरते, या प्रश्नांचा जो दीर्घ इतिहास जगभर घडला, त्यात येवल्याच्या त्या सभेचे स्थान फार वरचे आहे असे माझे मत आहे. आणि धर्मस्वातंत्र्य, अल्पसंख्यत्व, सार्वभौमत्व यांसारख्या वृत्तपत्रांतून रोज भेटणाऱ्या संकल्पना ज्याला मुळापासून समजून घ्यावयाच्या असतील, त्याने त्या दिवसापासून आरंभ करावा हे उत्तम.

प्रथम मागे पाहू. युरोपात सोळाव्या शतकात ख्रिस्ती धर्मात फूट पडून कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यात रक्तपात सुरू झाला, तेव्हा जर्मन संस्थानिकांनी १५५५ साली आउग्सबुर्ग येथे तह केला. त्या तहाचे सार असे, की ज्याचे राज्य त्याचाच धर्म. संस्थानिक कॅथलिक असेल तर रयत कॅथलिक, तो ल्यूथरपंथी असेल तर रयतही ल्यूथरपंथी, आणि ज्याला हे मानवणार नाही त्याने चीजवस्तू विकून दुसऱ्याच्या मुलखात निघून जावे. प्रजेच्या अंतःकरणातील श्रद्धा ही अशा रीतीने राजाच्या मालमत्तेचा भाग ठरली. पुढे तीस वर्षांचे भीषण युद्ध झाले, आणि १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहाने या नियमाला मर्यादा घातली: १६२४ साल हे प्रमाण धरून त्या वर्षी जेथे जो पंथ होता तो तेथे कायम राहावा आणि राजाने पुढे आपला पंथ बदलला तरी रयतेला तो बदलण्याची सक्ती करता येऊ नये, असे ठरले. आजच्या राष्ट्राराष्ट्रांतील व्यवहाराचा पाया समजले जाणारे सार्वभौमत्वाचे तत्त्व, म्हणजे एका राज्याच्या अंतर्गत कारभारात दुसऱ्याने हात घालू नये हे तत्त्व, अभ्यासक याच तहाच्या काळापासून मोजतात. आणि ते धर्माच्या कलहातून निपजले आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

हा सगळा प्रकार दूरदेशीचा वाटत असेल, तर गोव्याकडे पाहावे. पोर्तुगीजांनी तिसवाडी, बारदेश, साष्टी या मुलखांत आपला अंमल बसविल्यावर देवळे पाडली, १५६० पासून इन्क्विझिशनची अदालत बसविली, आणि कुशस्थळीचा मंगेश व केळशीची शांतादुर्गा नदीपलीकडे, आदिलशाही अंमलाखालील अंत्रुज महालात, अनुक्रमे प्रियोळ आणि कवळे येथे नेण्यात आली. ज्याचे राज्य त्याचा धर्म या नियमात, न पटणाऱ्याला देशत्यागाची जी एक वाट मोकळी ठेवलेली होती, ती आमच्या कोकणकिनाऱ्यावर माणसांबरोबर देवतांनाही चोखाळावी लागली. मराठी राज्याच्या इतिहासातही धर्मांतर हे राजकारणाचे हत्यार म्हणून आलेले आहे: सरनोबत नेताजी पालकर यांना औरंगजेबाने १६६७ साली बाटवून मुहंमद कुलीखान केले, काबूलच्या मोहिमेवर धाडले, आणि ते १६७६ साली परत आल्यावर शिवाजीमहाराजांनी त्यांना पुन्हा स्वधर्मात घेतले. येथे सेनापतीचा धर्म बदलणे म्हणजे त्याची निष्ठा बदलणे, असाच अर्थ दिल्लीच्या बादशहाने धरलेला होता.

एकोणिसाव्या शतकात चित्र पालटले. बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची धर्मांतरे ही सत्तेच्या जुलमाने झालेली नव्हती. ग्रंथ वाचून, वाद करून, जिवाची तगमग सोसून एकेका व्यक्तीने घेतलेले ते निर्णय होते, आणि त्यांपायी त्यांना घरादाराला मुकावे लागले. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे पंडिता रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा पुण्यामुंबईत केवढे वादळ उठले होते, हे त्या काळची वृत्तपत्रे चाळणाऱ्यास ठाऊक आहे. तथापि या सर्व धर्मांतरांत व्यक्ती होती, समाज नव्हता. राजाने प्रजेचा धर्म ठरवावा हा एक प्रकार, आणि एकट्यादुकट्याने आपल्या आत्म्यापुरता निर्णय घ्यावा हा दुसरा. येवल्यास घडले ते या दोहोंहून निराळे होते. गावकुसाबाहेर राहणाऱ्या, वतनाच्या नावाखाली सरकारचे आणि गावाचे पडेल ते काम करणाऱ्या लोकांनी एकत्र बसून, कोणत्याही राजाच्या हुकुमावाचून आणि कोणत्याही मिशनच्या आमिषावाचून, आपल्या समाजाचा धर्म आपणच निवडू शकतो, असे जाहीर केले. आणि तो धर्म कोणता हे मात्र त्या दिवशी सांगितले नाही. निवड अजून व्हावयाची होती. निवडण्याचा अधिकार तेवढा त्या दिवशी घोषित झाला.

हा अधिकार एवढा स्फोटक का ठरला, हे समजण्यासाठी खानेसुमारीकडे वळले पाहिजे. इंग्रजांनी १८७२ च्या सुमारास सबंध हिंदुस्थानची शिरगणती आरंभिली, आणि प्रत्येक माणसाच्या नावापुढे धर्माचा रकाना आला. जोपर्यंत राज्यकारभारात रयतेचा वाटा नव्हता तोपर्यंत त्या रकान्याला दफ्तरापलीकडे महत्त्व नव्हते; परंतु १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले, आणि तेव्हापासून धर्म हा परमार्थाचा विषय राहूनही कायदेमंडळातील जागांचा हिशेब होऊन बसला. लगेच, १९१० साली, खानेसुमारीचे आयुक्त गेट यांनी एक परिपत्रक काढून विचारले, की ज्यांना देवळात प्रवेश नाही, ज्यांच्या घरी ब्राह्मण पौरोहित्य करीत नाही, अशा लोकांची गणना हिंदूंत करावी की वेगळी? त्या परिपत्रकाने जी खळबळ उडाली ती उगीच नव्हती. ज्यांना विहिरीवर येऊ दिले जात नव्हते त्यांची संख्या मात्र आपल्या रकान्यातून वजा होणे बहुसंख्य समाजाच्या पुढाऱ्यांना परवडणारे नव्हते.

त्याच सुमारास जगाच्या राजकारणातही अल्पसंख्य ही संकल्पना आकार घेत होती. पहिल्या महायुद्धानंतर युरोपात नवी राष्ट्रे निर्माण झाली, आणि त्यांच्या सरहद्दींच्या आत भिन्न धर्माचे व भिन्न भाषेचे लोक अडकून पडले. म्हणून जून १९१९ मध्ये पोलंडशी आणि पुढे इतर राष्ट्रांशी असे करार करण्यात आले, की त्यांनी आपल्या अल्पसंख्यांच्या धर्माचे, शाळांचे व नागरी हक्कांचे रक्षण करावे, आणि त्यावर राष्ट्रसंघाने देखरेख ठेवावी. एखाद्या राज्यातील प्रजेचे हक्क हा बाहेरच्या जगाच्याही आस्थेचा विषय असू शकतो, हे वेस्टफालियाच्या तत्त्वाला छेद देणारे नवे तत्त्व होते. १९३० ते १९३२ या काळात लंडनच्या गोलमेज परिषदांत डॉ. आंबेडकर उभे राहिले तेव्हा हा सगळा वाद त्यांच्यासमोर होता, आणि अस्पृश्यांना स्वतंत्र अल्पसंख्य वर्ग म्हणून संरक्षण द्यावे ही त्यांची मागणी त्या काळच्या जागतिक राजनीतीच्या परिभाषेतलीच होती. ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्याने ती मान्य केली. गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात प्राणांतिक उपोषण आरंभिले. आणि २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघ जाऊन, प्रांतिक कायदेमंडळांत संयुक्त मतदारसंघांतल्या १४८ राखीव जागा आल्या. संख्या वाढली, पण त्या जागांवर कोणास निवडून द्यावयाचे याचा अखेरचा कौल सवर्ण मतदारांच्या हाती गेला.

दुसरीकडे नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालू होता. २ मार्च १९३० रोजी तो सुरू झाला. दादासाहेब गायकवाड त्याचे चिटणीस होते, हजारो स्त्रीपुरुषांनी त्यात भाग घेतला, त्याच वर्षीच्या रामनवमीला रथाच्या वेळी दंगल झाली आणि सत्याग्रहींची डोकी फुटली, पुष्कळांनी तुरुंग सोसला. आणि पाच वर्षे उलटली तरी देवळाचा दरवाजा उघडला नाही. ३ मार्च १९३४ रोजी गायकवाडांना लिहिलेल्या पत्रातच डॉ. आंबेडकरांनी आपला आशय उघड केला होता: हा लढा मूर्तिपूजेच्या ओढीने किंवा देवळात शिरल्याने समता येईल या समजुतीने आरंभिलेला नव्हता, दलितांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी व त्यांच्यात चैतन्य यावे म्हणून तो मार्ग स्वीकारला होता, आणि ते कार्य झाल्यावर आता शक्ती शिक्षणाकडे व राजकारणाकडे वळविली पाहिजे. येवल्याच्या परिषदेने जो ठराव केला, तो हा सत्याग्रह थांबविण्याचाही होता. नाशिकच्या दारावर थाप मारणे थांबले आणि येवल्यात नव्या घराचा शोध सुरू झाला. ऑगस्ट १९३५ मध्ये हिंदुस्थानच्या नव्या राज्यघटनेचा कायदा मंजूर झालेला होता, प्रांतिक निवडणुका समोर दिसत होत्या. अशा वेळी केलेल्या या घोषणेचे राजकीय वजन किती, हे तिच्या वक्त्याला पुरेपूर माहीत होते. त्यामुळे तिचे नैतिक मोल उणे होते असे मला मुळीच वाटत नाही. माणुसकीचा हक्क मागणाऱ्याने आपल्या संख्येचे बळ ओळखावे, हा त्याचा दोष नव्हे.

पुढच्या काही दिवसांत जे घडले ते पाहता, एका तालुक्याच्या गावातील भाषणाने किती दूरवरच्या सत्तास्थानांना जाग आणली याचा विस्मय वाटतो. मुसलमान पुढारी खालिद लतीफ गौबा यांनी तार केली. मुंबईचे मेथॉडिस्ट बिशप ब्रेंटन थोबर्न बॅडले यांनी स्वागताचे निवेदन काढले. अमृतसरच्या सुवर्णमंदिराच्या व्यवस्थापन समितीकडून शीख धर्माचे निमंत्रण आले. बनारसच्या महाबोधी सोसायटीच्या चिटणिसांनी बौद्ध धर्माकडे या असे कळविले. ब्रह्मदेशात दीक्षा घेतलेले मूळचे इटालियन भिक्षू लोकनाथ १९३६ साली मुंबईस डॉ. आंबेडकरांच्या राजगृह या निवासस्थानी येऊन त्यांना भेटून गेले. गांधीजींनी खेद व्यक्त केला; अस्पृश्यता शेवटच्या घटका मोजीत असताना हा निर्णय दुःखद आहे, आणि धर्म ही घरासारखी किंवा अंगरख्यासारखी मनास येईल तेव्हा बदलण्याची वस्तू नव्हे, असे त्यांचे म्हणणे पडले. या युक्तिवादात धर्माविषयीची उत्कट निष्ठा आहे हे खरे. पण ज्या घरात एकाला माजघरात आणि दुसऱ्याला उकिरड्यापाशी जागा मिळते, ते घर सोडू नये असे उकिरड्यापाशी बसलेल्यास सांगण्याचा अधिकार माजघरातल्यास कितपत पोचतो, या प्रश्नाचे उत्तर त्या निवेदनात मिळत नाही.

त्यानंतरचे प्रकरण राजनीतीच्या अभ्यासकाने मुळातून वाचावे असे आहे. जून १९३६ मध्ये हिंदुमहासभेचे डॉ. बा. शि. मुंजे राजगृहात आले, आणि अस्पृश्यांनी शीख धर्म स्वीकारल्यास हिंदुमहासभेने विरोध करू नये व राखीव जागांचे हक्क त्यांच्याकडे कायम राहावेत, अशा योजनेचा मसुदा झाला. यासंबंधी डॉ. आंबेडकरांनी केलेली मांडणी अशी होती, की इस्लाम किंवा ख्रिस्ती धर्म स्वीकारला तर हे लोक हिंदी संस्कृतीच्या कक्षेबाहेर जातील. ते मुसलमान झाले तर त्या समाजाची संख्या दुणावून सत्तेचा समतोल ढळेल, आणि ख्रिस्ती झाले तर इंग्रजांची या देशावरची पकड घट्ट होण्यास हातभार लागेल. शीख झाले तर यांपैकी काही होणार नाही. ज्या समाजाने शतकानुशतके पाणी नाकारले, त्या समाजाच्या देशाचे हिताहित आपल्या मुक्तीच्या विचारातही या पुरुषाने दूर सारले नाही. त्या योजनेला मद्रासचे एम. सी. राजा यांनी कडाडून विरोध केला, गांधीजींनाही ती पसंत पडली नाही. शिवाय कायद्याची अडचण होती: पंजाबाबाहेर शीख अस्पृश्यांना राखीव जागांचा लाभ नव्हता. येवल्यानंतर सहा महिन्यांनी, एप्रिल १९३६ मध्ये, निघालेल्या अनुसूचित जातींच्या हुकुमात तर सरकारने स्पष्टच लिहिले, की हिंदी ख्रिस्ती माणूस अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही, आणि बंगालात बौद्ध धर्म पाळणाराही नाही. धर्म बदलाल तर जागा गमवाल, असा त्याचा अर्थ होता.

आता जगाकडे. दुसऱ्या महायुद्धाच्या विध्वंसानंतर १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा ४८ मतांनी संमत केला; विरोधी मत एकही पडले नाही, आठ राष्ट्रे तटस्थ राहिली. त्याच्या मसुद्याच्या कामात भारतातर्फे हंसा मेहता होत्या, आणि पहिल्या कलमात केवळ पुरुषांचा बोध होईल अशी रचना टळली ती त्यांच्या आग्रहामुळे. या जाहीरनाम्याच्या अठराव्या कलमात विचार, सदसद्विवेकबुद्धी आणि धर्म यांच्या स्वातंत्र्यात धर्म बदलण्याच्या स्वातंत्र्याचा स्पष्ट समावेश आहे. सौदी अरबस्तानने त्यास हरकत घेतली. पाकिस्तानचे प्रतिनिधी जफरुल्लाखान यांनी मात्र आपल्या धर्मग्रंथाचा आधार देऊन त्याचे समर्थन केले. १९६६ च्या नागरी व राजकीय हक्कांच्या करारात तडजोड म्हणून बदलण्याचा उल्लेख गाळून धर्म स्वीकारण्याचा उल्लेख ठेवण्यात आला. राष्ट्रांच्या प्रतिनिधींना हे वाक्य लिहिताना एवढे अडखळावे लागले, आणि लिहून झाल्यावर अठरा वर्षांत ते सौम्य करावे लागले. येवल्याच्या मांडवात तो अधिकार जाहीरनाम्याच्या तेरा वर्षे अगोदर, अधिक निःसंदिग्धपणे, उच्चारला गेला होता.

आपल्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले. प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली स्टेनिस्लॉस यांच्या खटल्यात दिला. येवल्याच्या दृष्टीने पाहिले तर या वादात एक उणीव राहून जाते. सारी चर्चा धर्मांतर करविणाऱ्याच्या हक्काभोवती फिरते, आणि जो स्वतः उठून धर्म बदलू पाहतो तो जणू कोणाच्या तरी हातचे बाहुले आहे असे गृहीत धरले जाते; १९६७ साली ओडिशात आणि १९६८ साली मध्य प्रदेशात झालेल्या धर्मांतरविषयक कायद्यांपासून ही समजूत कायद्याच्या भाषेत मुरलेली आहे. येवल्यास तर धर्मांतर करविणारा कोणी नव्हताच.

जातीचा प्रश्न हा देशाचा घरगुती प्रश्न आहे की जगाचाही, हा वादही याच कुळातला. १९४६ साली भारताने दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांना मिळणाऱ्या वागणुकीची तक्रार संयुक्त राष्ट्रसंघापुढे नेली, तेव्हा हा आमचा अंतर्गत मामला आहे असे दक्षिण आफ्रिकेने म्हटले, आणि आमसभेने ते मानले नाही. त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे विचारवंत नेते डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून, त्यांच्या समाजातर्फे संयुक्त राष्ट्रसंघाकडे जाणाऱ्या अर्जाची प्रत मागितली, कारण अस्पृश्यांनीही तो मार्ग पत्करावा असा विचार त्यांच्या मनात होता. द्यु बॉइस यांनी सहानुभूतीचे उत्तर पाठविले. पुढे १९६५ च्या वंशभेदविरोधी करारात कुळ अथवा वंशपरंपरा हा शब्द भारताच्याच सूचनेवरून घातला गेला. आणि त्यात जात येते असे त्या कराराची समिती म्हणू लागली तेव्हा भारत सरकारने ते नाकारले. २००१ साली दक्षिण आफ्रिकेतच दरबान येथे वंशभेदविरोधी जागतिक परिषद भरली असता, जात हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, ही भूमिका आपल्या शासनाने घेतली. १९४६ साली जो युक्तिवाद आपण खोडून काढला होता, त्याचाच आश्रय पंचावन्न वर्षांनी घ्यावा, हे मला शोभादायक वाटले नाही, आणि आजही वाटत नाही.

येवल्याहून निघालेली वाट नागपुरास पोचायला एकवीस वर्षे लागली, आणि तिचा उत्तरार्ध आशियाच्या राजकारणातून गेला. १९५० साली डॉ. आंबेडकर सिलोनमध्ये जागतिक बौद्ध परिषदेच्या पहिल्या अधिवेशनास उपस्थित राहिले. डिसेंबर १९५४ मध्ये रंगूनच्या तिसऱ्या अधिवेशनास गेले, जेथे पंतप्रधान ऊ नू यांच्या पुरस्काराने सहावी धर्मसंगीती चालू होती. आणि त्याच महिन्यात रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची त्यांनी पुण्याजवळ देहूरोड येथे प्रतिष्ठापना केली. वसाहतींच्या जोखडातून सुटलेली ब्रह्मदेश, सिलोन यांसारखी राष्ट्रे त्या वेळी अमेरिका आणि रशिया यांच्या रस्सीखेचीत स्वतःचे अधिष्ठान शोधीत होती, आणि त्यांपैकी कित्येकांना ते बुद्धाच्या वारशात दिसत होते. भारत सरकारही मागे नव्हते: अशोकाचे चक्र ध्वजावर होते, चीनबरोबर एप्रिल १९५४ मध्ये झालेल्या करारातील पाच तत्त्वांना पंचशील हे बौद्ध परंपरेतले नाव मिळाले होते, १९५६ साली बुद्धपरिनिर्वाणाची २,५०० वर्षे शासकीय इतमामाने साजरी झाली. पण नावाने भारून जाणे डॉ. आंबेडकरांच्या स्वभावात नव्हते. २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत परराष्ट्रधोरणावर बोलताना त्यांनी विचारले, की माओंचा पंचशीलावर खरोखर विश्वास असेल तर त्यांनी स्वतःच्या देशातील बौद्धांना निराळी वागणूक दिली नसती काय? राजकारणात अशा शीलाला थारा नाही, विशेषतः साम्यवादी देशाच्या राजकारणात, असे त्यांचे स्पष्ट मत होते; आणि १९६२ च्या शरद ऋतूतील चीनच्या आक्रमणाने ते खरे ठरले.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, नागपूर येथे मूळचे ब्रह्मदेशीय भिक्षू कुशिनाराचे चंद्रमणी महास्थविर यांच्याकडून डॉ. आंबेडकरांनी त्रिशरण आणि पंचशील घेतले, आणि मग स्वतः लाखो लोकांना बावीस प्रतिज्ञांसह दीक्षा दिली. एखाद्या राजाच्या पाठोपाठ प्रजेने धर्म स्वीकारल्याची उदाहरणे इतिहासात पुष्कळ आहेत. येथे पुढे चालणारा राजा नव्हता, मागून येणाऱ्यांच्या हाती इनामवतने नव्हती, आणि जमलेल्या प्रत्येकाने प्रतिज्ञा आपल्या मुखाने उच्चारावयाची होती. महिन्याभराने जागतिक बौद्ध परिषदेच्या काठमांडूच्या चौथ्या अधिवेशनात त्यांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांची तुलना मांडली, आणि ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. १९५१ च्या खानेसुमारीत ज्या भारतात एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास बौद्ध होते, तेथे १९६१ साली साडेबत्तीस लाख झाले, त्यांतले सुमारे अठ्ठावीस लाख महाराष्ट्रात. २०११ साली देशातील ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाखांहून अधिक महाराष्ट्रातले होते.

त्या धर्मांतराची किंमत मात्र कायद्याने वसूल केली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने, हिंदू धर्म न मानणाऱ्यास अनुसूचित जातीचा दर्जा नाही असे ठरविले होते. म्हणजे १९३६ च्या हुकुमातील दंड स्वतंत्र भारतात अधिक विस्तृत होऊन आला. १९५६ साली शिखांना त्यातून सूट मिळाली. महाराष्ट्र राज्याने आपल्या निर्मितीनंतर, १९६० साली, आपल्या अधिकारातील सवलती नवबौद्धांना लागू केल्या. केंद्राच्या सवलतींसाठी बौद्धांना १९९० साल उजाडेपर्यंत थांबावे लागले. माणसाने मूर्ती बदलली, मंत्र बदलला, तरी त्याच्या वस्तीची वाट आणि त्याच्याकडे पाहणारी नजर एका रात्रीत बदलत नाही, हे ओळखायला राज्यसंस्थेला चौतीस वर्षे लागली.

ज्या अर्थी धर्म निवडण्याचा हक्क घटनेने दिला आहे, त्या अर्थी ती निवड केल्याबद्दल दुर्बळ नागरिकाकडून दंड घेणे हे त्या हक्काशी विसंगत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. येवल्यास त्या सभेच्या जागी आज मुक्तिभूमी हे स्मारक उभे आहे, आणि दरवर्षी १३ ऑक्टोबरला तेथे दुरून माणसे येतात. पण त्या घोषणेने मांडलेला प्रश्न पुरता सुटलेला नाही. ज्या दलितांच्या वाडवडिलांनी चर्चची किंवा मशिदीची वाट धरली, त्यांना अनुसूचित जातीचा दर्जा द्यावा अशी शिफारस न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली केली होती. तिचा अंमल झाला नाही, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने याच प्रश्नासाठी निवृत्त सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमला.